विकराचे काम नेमके कोण करते?

मित्रांनो, तुमच्या डोळ्यांतील अश्रू आणि कोंबडीच्या अंड्यातील पांढरा बलक यांत एक गोष्ट समान आहे. ती कोणती, सांगता येईल का? दोहोंत लायसोझाइम नावाचे एक विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. लायसोझाइम हे जिवाणूंच्या भोवतालची भिंत फोडते. डोळ्यांचे आणि अंड्यातील पिलाचे ते एक प्रकारे पहारेकरीच आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याचा शोध जाहीर केला. हेच फ्लेमिंग पुढे १९२८ साली लागलेल्या पेनिसिलीनच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झाले.

अंड्यातील लायसोझाइमचा एक रेणू सुमारे दोन हजार अणूंचा बनलेला असतो. १२९ ॲमिनो आम्ले एकापुढे एक जोडून तो तयार होतो. पण गंमत अशी, की जिवाणूची भिंत तोडण्याचे प्रत्यक्ष काम या १२९ पैकी फक्त दोघेच करतात! एक आहे ३५ व्या क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल आणि दुसरे ५२ व्या क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल.

हे दोघेच काम करतात, हे शास्त्रज्ञांना कसे कळले? इतर हजारो विकरांतील कामकरी कोण, याची नोंद कोठे ठेवलेली असते? आणि अशी नोंद ठेवून उपयोग तरी काय? चला, एकेका प्रश्नाचे उत्तर शोधू या.

अडकित्ता आणि त्याचे दांडे

जवळजवळ सर्व विकरे ही प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिच्यात वीस प्रकारचे मणी असतात. दोन मणी एकमेकांना जोडले जाताना पाण्याचा एक रेणू निघून जातो. मग ॲमिनो आम्लाचा जो भाग माळेत उरतो, त्याला ‘अवशेष’ म्हणतात. ही माळ सरळ राहत नाही. ती वळते, दुमडते आणि तिचा एक ठरावीक आकाराचा गोळा बनतो. या गोळ्यावर कोठेतरी एक खाच असते. ज्या पदार्थावर विकराची क्रिया व्हायची, तो पदार्थ या खाचेत बसतो. कुलपात किल्ली बसावी तसा तो बसतो, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ सालीच म्हटले होते.

खाचेतही सगळेच अवशेष सारखे काम करीत नाहीत. काही पदार्थाला नुसते धरून ठेवतात. दोन-चार मात्र प्रत्यक्ष रासायनिक क्रिया घडवतात. कोणी प्रोटॉन देतो, कोणी घेतो, कोणी बंध तोडतो. यांना ‘उत्प्रेरक अवशेष’ असे म्हणतात. आपण त्यांना कामकरी म्हणू.

मग बाकीचे अवशेष बिनकामाचेच म्हणायचे का? घरातला अडकित्ता आठवा. सुपारी फोडते ते पाते. पण लांब दांडे नसते, आणि दोन्ही भाग नीट जोडलेले नसते, तर नुसत्या पात्याने सुपारी फुटली असती का? विकराचेही असेच आहे. बाकीचे अवशेष कामकऱ्यांना योग्य जागी, योग्य अंतरावर उभे करतात.

हे तुम्हाला घरीही पाहता येईल. औषधांच्या दुकानात तीन टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइडचा द्राव मिळतो. शिक्षकांना किंवा घरातील मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, त्यातील थोडासा द्राव कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाका. लगेच फेस येईल. बटाट्यातील कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. त्या ऑक्सिजनचे हे बुडबुडे. आता चांगला उकडून गार केलेला बटाटा घ्या आणि त्यावर द्राव टाका. फेस येणार नाही. उकडल्याने माळ तुटली नाही, मणीही तेच आहेत. पण माळेची घडी विसकटली आणि कामकरी आपापल्या जागेवरून हलले. काम बंद पडले.

पहिला नकाशा

विकराच्या आत डोकावायचे कसे? रेणू इतका लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. त्यासाठी विकराचे स्फटिक करतात आणि त्यावर क्ष-किरण सोडतात. स्फटिकातील अणूंमुळे किरण विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी मिळते. तिच्यावरून गणिताने अणूंच्या जागा काढता येतात.

या पद्धतीने ज्याचा संपूर्ण नकाशा मिळाला ते पहिले विकर म्हणजे आपले लायसोझाइमच. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. लुईस जॉन्सन ही तरुण संशोधिका त्या गटात होती. विकराला चिकटून बसणारे शर्करेचे लहान तुकडे खाचेत नेमके कोठे बसतात, हे तिने शोधले. खाचेत शर्करेची सहा कडी मावतात आणि चौथ्या व पाचव्या कड्यामधला दुवा तुटतो, असे त्यावरून दिसून आले. त्या दुव्याच्या दोन बाजूंना कोण उभे होते? तेच ते ३५ आणि ५२!

फिलिप्स यांनी कामाची वाटणीही सुचवली. ३५ व्या अवशेषाने दुव्याला प्रोटॉन द्यायचा. दुवा तुटताना शर्करेवर धनभार येतो, तेव्हा ५२ व्या अवशेषाने आपल्या ऋणभाराने तिला सावरून धरायचे. हे चित्र पुढे छत्तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले गेले. मात्र २००१ साली स्टीफन विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले, की ५२ वा अवशेष नुसता दुरून सावरीत नाही, तर तो शर्करेशी थोडा वेळ स्वतःच बंध जोडतो. डॅनियल कॉशलंड यांनी अशा प्रकारची शक्यता १९५३ सालीच मांडली होती.

यातून काय शिकायचे? नकाशा पाहून कामकऱ्यांची जागा कळते. पण कोण कोणते काम करतो, हे सांगायला आणखी पुरावा लागतो.

एकाला काढून पाहा

कारखान्यात एखादा कामगार किती महत्त्वाचा आहे, हे तो रजेवर गेला की कळते. विकरांतही हीच युक्ती करता येते. १९७८ साली मायकेल स्मिथ यांनी जनुकात हवा तेथे, हवा तो बदल करण्याची पद्धत दाखवली. जनुक बदलले की प्रथिनातील एखादा ठरावीक अवशेष बदलता येतो. या कामासाठी स्मिथ यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता सब्टिलिसीन हे विकर पाहा. ते मातीतल्या जिवाणूंपासून मिळते आणि प्रथिने तोडते. म्हणूनच कपडे धुण्याच्या काही पावडरींत अशा विकरांचा वापर होतो. कपड्यावरील दूध, रक्त, अंडे यांचे डाग त्यांच्यामुळे निघतात. सब्टिलिसीनमध्ये तीन कामकरी आहेत. २२१ वे सेरीन, ६४ वे हिस्टिडीन आणि ३२ वे ॲस्पार्टिक आम्ल. सेरीनचा ऑक्सिजन प्रथिनाच्या बंधावर हल्ला करतो. त्यासाठी सेरीनजवळचा प्रोटॉन हिस्टिडीन काढून घेते. ॲस्पार्टिक आम्ल हिस्टिडीनला नीट धरून ठेवते.

१९८८ साली पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स यांनी या तिघांना एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी ॲलानीन हा साधासुधा अवशेष बसवला. सेरीन काढले, तेव्हा विकराचा वेग सुमारे वीस लाख पटींनी घटला! हिस्टिडीन काढल्यावरही तेवढाच घटला. ॲस्पार्टिक आम्ल काढल्यावर तो सुमारे तीस हजार पटींनी कमी झाला. म्हणजे ज्या कामाला आधी एक सेकंद लागे, त्याला सेरीनवाचून तेवीस दिवस लागावेत!

या प्रयोगातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिघांनाही काढले, तरी उरलेले विकर मूळ क्रियेचा वेग सुमारे हजार पटींनी वाढवतच होते. अडकित्त्याचे दांडेही काही कमी मोलाचे नाहीत!

दोन घराणी, एकच युक्ती

आपल्या आतड्यात कायमोट्रिप्सीन नावाचे विकर असते. अन्नातील प्रथिने तोडणे हे त्याचे काम. डेव्हिड ब्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये १९६७ साली त्याची रचना जाहीर केली. त्यातही सेरीन, हिस्टिडीन आणि ॲस्पार्टिक आम्ल हेच त्रिकूट निघाले. क्रमांक मात्र निराळे. सेरीन १९५ वे, हिस्टिडीन ५७ वे आणि ॲस्पार्टिक आम्ल १०२ वे. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेत जोसेफ क्राउट यांच्या गटाने सब्टिलिसीनची रचना काढली. माळेची घडी अगदी वेगळी, तिघांचा माळेतील क्रमही वेगळा. तरी खाचेत ते तिघे उभे होते अगदी तसेच!

जिवाणूचे हे विकर आणि आतड्यातील ते विकर एका पूर्वजापासून आलेले नाहीत. निसर्गाने एकच युक्ती दोनदा, स्वतंत्रपणे शोधून काढली होती. नुसती माळ पाहून हे साम्य कोणालाही कळले नसते. कामकऱ्यांकडे पाहिले, तेव्हाच ते कळले.

कामकऱ्यांची नोंदवही

अशी एकेक हकीकत वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेली होती. रचना मात्र झपाट्याने वाढत होत्या. प्रथिनांच्या रचना एकत्र ठेवण्यासाठी १९७१ साली अमेरिकेत ब्रुकहेवन येथे ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली. तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. २०२३ साली हा आकडा दोन लाखांच्या वर गेला. पण या पेढीत असतात अणूंच्या जागा. कोणता अवशेष काम करतो, हे त्या जागांच्या यादीत लिहिलेले नसते.

ही उणीव भरून काढण्याचे काम इंग्लंडमधील जॅनेट थॉर्नटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. त्यांनी प्रथम नियम ठरवले. कामकरी कोणाला म्हणायचे? जो क्रियेत स्वतः भाग घेतो त्याला. जो दुसऱ्या अवशेषाला किंवा पाण्याच्या रेणूला कामासाठी तयार करतो त्याला. क्रियेच्या अवघड टप्प्यावर जो पदार्थाला सावरतो त्याला. आणि जो पदार्थाला क्रियेसाठी उद्युक्त करतो त्याला. जो पदार्थाला फक्त धरून ठेवतो, त्याचे नाव या यादीत येणार नाही.

मग एकेक शोधनिबंध वाचून त्यांनी नोंदी केल्या. २००२ साली १७८ विकरांतील ६१५ कामकऱ्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. म्हणजे एका विकरात सरासरी तीन ते चार! या हिशेबातून एक नवल पुढे आले. प्रथिनांत शंभरात जेमतेम दोन-तीन अवशेष हिस्टिडीनचे असतात. पण कामकऱ्यांत मात्र शंभरात अठरा हिस्टिडीन निघाले. असे का? शरीरातील साधारण उदासीन द्रावात हिस्टिडीन प्रोटॉन सहज घेते आणि तितक्याच सहज देते. देण्याघेण्याचा व्यवहार ज्याला जमतो, त्याला काम जास्त मिळणारच!

२००४ साली ही नोंदवही ‘कॅटॅलिटिक साइट ॲटलास’ या नावाने सर्वांना खुली झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत १७७ नोंदी माणसांनी निबंध वाचून केलेल्या होत्या. या विकरांशी नाते असलेल्या आणखी २,६०८ नोंदी संगणकाने माळा ताडून पाहून काढल्या होत्या. कोणती नोंद कोणत्या प्रकारची, हे स्पष्ट लिहिलेले होते. पुढे क्रियेचे टप्पे सांगणारा दुसरा एक माहितीकोश तिला जोडला गेला. २०१८ साली या एकत्रित कोशाचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात ९६१ विकरांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी ४२३ विकरांची क्रिया टप्प्याटप्प्याने दिलेली होती.

लाखो रचनांपुढे हा आकडा तुम्हाला लहान वाटेल. पण प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी केलेला प्रयोग आहे आणि तो निबंध वाचणारा माणूस आहे.

संगणकाने नुसते साम्य पाहून नोंद केली, तर घोटाळा कसा होईल, हेही पाहा. आपल्या रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते कायमोट्रिप्सीनच्या नात्यातले आहे. तेव्हा तेही प्रथिने तोडत असणार, असा तर्क कोणीही करील. पण त्यात सेरीनच्या जागी ॲलानीन आणि हिस्टिडीनच्या जागी लायसीन आले आहे. कामकरीच नाहीत, तर काम कोठून होणार? हॅप्टोग्लोबिन प्रथिने तोडत नाही. तांबड्या पेशींतून रक्तात सांडलेले हिमोग्लोबिन पकडून ठेवणे, हे त्याचे काम. घराणे तेच, पण धंदा बदललेला!

शेतातले विष आणि एक सेरीन

मित्रांनो, ही सारी माहिती केवळ जिज्ञासेपुरती नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. त्यांतील अनेक जण दगावले. वापरल्या गेलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकेही होती. ही विषे शरीरात नेमके काय करतात?

आपला एक मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन या पदार्थाच्या मार्फत. निरोप पोहोचला की हा पदार्थ तत्काळ नाहीसा व्हावा लागतो, नाहीतर स्नायू निरोपामागून निरोप ऐकत राहील. ते काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करते. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन रेणू तोडतो. या विकराची रचना १९९१ साली इस्राएलमधील जोएल ससमन आणि इस्राएल सिलमन यांच्या गटाने काढली. तिच्यात पुन्हा आपले ओळखीचे त्रिकूट दिसले. फरक एवढाच, की ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी त्याचे भावंड ग्लुटामिक आम्ल होते.

कीटकनाशकातील फॉस्फरस या विकरातील सेरीनला जाऊन चिकटतो. पाचशेहून अधिक अवशेषांच्या माळेत एकच अवशेष अडकतो आणि सारे काम थांबते. ॲसिटिलकोलीन साचत जाते. घाम येतो, लाळ गळते, बाहुल्या लहान होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. किड्याच्या विकरातही हेच त्रिकूट असते आणि माणसाच्या विकरातही. म्हणूनच किड्यासाठी फवारलेले विष फवारणाऱ्यालाही मारते.

याच्या उलट पेनिसिलीनचे आहे. तेही एका सेरीनलाच चिकटते. पण ते सेरीन असते जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरात. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही आणि ते विकरही नाही. म्हणून पेनिसिलीन जिवाणूला मारते आणि आपल्याला वाचवते. औषध बनवणाऱ्याने कामकरी पाहावा, आणि तो आणखी कोणाकोणाच्या शरीरात आहे हेही पाहावे, ते याचसाठी.

अडकलेले सेरीन सोडवता येईल का? १९५५ च्या सुमारास आयर्विन विल्सन यांनी त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे औषध सुचवले. डॉक्टर त्याला ‘पाम’ म्हणतात. ते फॉस्फरसला सेरीनपासून ओढून काढते. परंतु वेळ गेला तर फॉस्फरसचा बंध अधिक पक्का होतो आणि मग सेरीन सुटत नाही. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाला जराही न थांबता रुग्णालयात न्यावे लागते. हे औषध किती आणि कसे द्यावे, यावर आपल्या बारामतीतही अभ्यास झाला. २०० रुग्णांवरील त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. औषध थांबूनथांबून देण्यापेक्षा सतत शिरेतून दिल्याने अधिक गुण येतो, असे त्यात दिसले. मात्र २००९ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील अभ्यासात या औषधाचा फायदा आढळला नाही. रेणूत काय घडते हे कळले, तरी रुग्ण बरा करण्यासाठी आणखी पुष्कळ शिकावे लागते.

तुमच्यासाठी उरलेले काम

आता संगणकाला नुसती माळ सांगितली, तरी तो प्रथिनाच्या घडीचा चांगला अंदाज बांधतो. ‘अल्फाफोल्ड’ या कार्यक्रमाने २०२२ सालापर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज प्रसिद्ध केले. त्यामागील संशोधनासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण घडी कळली म्हणजे काम कळले असे नाही, हे तुम्ही आता पाहिलेच आहे. वीस कोटी रचना एकीकडे आणि पुराव्यानिशी लिहिलेल्या हजारभर नोंदी दुसरीकडे. मधले सारे अंतर अजून चालायचे आहे.

त्यासाठी विकराचा स्फटिक करणारे हात हवेत, एकेक अवशेष बदलून पाहणारे हात हवेत आणि निबंध बारकाईने वाचून खरे तेवढेच लिहिणारे डोळेही हवेत. कामकऱ्यांची ही नोंदवही कोणालाही पाहता येते. शाळेत संगणक असेल, तर शिक्षकांच्या मदतीने ती उघडा आणि लायसोझाइमची नोंद शोधा. ३५ आणि ५२ हे आपले दोन जुने ओळखीचे तुम्हाला तेथे भेटतील. त्यांच्यापुढे कोणाचे काय काम लिहिले आहे आणि ते कोणत्या पुराव्यावरून, हे जरूर वाचा.